आठ दिवसांची ट्रायल

माझ्या चिरंजीवांनी तीन आठवड्यांत खोकल्याच्या गोळ्यांची सात पाकिटं घरात आणून टाकली. घरात खोकला कोणालाही नाही. छकुली तीन महिन्यांची, तिला फक्त भोकाड पसरता येतं. सूनबाईचा घसा ठणठणीत आहे आणि माझ्या घशाबद्दल तर गल्लीत कोणालाही विचारा. मी त्याला कंडोम आणायला पाठवत होते. सात वेळा पाठवला आणि सातही वेळा हा बाबा औषधवाल्याच्या काउंटरवर जाऊन कसनुसा खोकून परत आला.

हे मी लिहून ठेवते आहे, कारण उद्या तो सगळीकडे सांगत फिरेल की आईने मला घराबाहेर काढलं. घराबाहेर नाही, दुकानात काढलं. दुकान घराच्याच खाली आहे, सतरा पायऱ्या. मी चौथीच्या पुढे शाळा पाहिलेली नाही, माझं अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखं दिसतं, पण झालं काय हे मला जसंच्या तसं आठवतं.

आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. नवऱ्याने काढलं, तो गेल्यावर मी गल्ल्यावर बसले आणि चिरंजीव डोळ्याला भिंग लावून आत बसले. भिंतीवरची मोठी घड्याळं दुरुस्त झाली की आम्ही ती लगेच गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. आठ दिवस ट्रायलला लावतो. दुकानातल्या भिंती कधीच भरल्या, म्हणून घड्याळं घरात चढली. जिन्यात चार, स्वयंपाकघरात दोन, न्हाणीघराच्या दाराशी एक, चिरंजीवांच्या झोपायच्या खोलीत एक. आणि नवऱ्याने घालून दिलेला नियम असा, की ट्रायलच्या आठ दिवसांत काट्यांना बोट लावायचं नाही. आठव्या दिवशी बघायचं किती पुढे गेलं, किती मागे पडलं, आणि मग आत स्क्रू फिरवायचा. त्यामुळे आमच्या घरात दोन घड्याळं एकच वेळ सांगायला लागली तर आम्ही दचकतो.

खरी वेळ फक्त एका ठिकाणी. नवऱ्याचं खिशातलं घड्याळ, ते माझ्या खिशात असतं.

दुसरा नियम माझा. आमच्या घरात फोनमध्ये वेळ बघायची नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने चिरंजीवांना फोन काढून किती वाजले ते बघताना पकडलं आणि भर दुकानात विचारलं, "काय हो, हॉटेलवाला दुसऱ्याकडे जेवायला जातो का?" माझ्या नाकाला असल्या मिरच्या झोंबल्या की त्या दिवसापासून बंदी. सूनबाई नवी आली तेव्हा तिलाही सांगितलं. तिने मान डोलावली.

आता सूनबाईचं सांगते. ती कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांसाठी एक कारखाना आहे, तिथे मेणात दात बसवायचं, तारा वाकवायचं, घासून चकाकी द्यायचं काम. माझे वरचे चौदाच्या चौदा दात तिच्या हातचे आहेत. मी तिला जे काही बोलते ते तिनेच बनवलेल्या दातांमधून बोलते, हे ती मला कधी ऐकवत नाही, आणि म्हणूनच जास्त टोचतं.

छकुलीच्या वेळी तिचं पोट कापावं लागलं. रक्त इतकं गेलं की दोन बाटल्या चढवल्या. मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन स्पष्ट म्हणाल्या, "दोन वर्षं तरी दुसरं नको. आतले टाके भरायला वेळ लागतो. लगेच दिवस राहिले तर या वेळी वाचली तशी पुढच्या वेळी वाचेलच, असं मी सांगणार नाही." चिरंजीवांनी मान हलवली. नवऱ्यासारखीच, गोल. हो की नाही ते ओळखायचं आपण.

दीड महिन्याने तपासणीला गेलो. नर्सबाई चांगली, चटपटीत. तिने टेबलावर सगळं मांडलं, जसं आम्ही गिऱ्हाइकापुढे पट्टे मांडतो. गर्भाशयात बसवायची तांब्याची तार. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. दंडाच्या कातडीखाली बसवायची काडेपेटीतल्या काडीएवढी नळी. गोळ्यांची पट्टी. आणि पुरुषांचं पाकीट.

पुरुष मात्र खोलीत नव्हता. दवाखान्याच्या व्हरांड्यातलं घड्याळ बंद पडलेलं त्याला दिसलं आणि तो स्टुलावर चढून ते उघडून बसला. तिथे कोणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. मला त्या वेळी कौतुक वाटलं. माझं पोर कामाचं, असं वाटलं. आता कळतं की तेव्हा तिथे ते बंद घड्याळ नसतं तर त्याने दाराची बिजागरी दुरुस्त केली असती.

सूनबाईने ती काडी उचलली. बोटांत धरून वाकवून बघितली, जशी ती तार बघते. "ही किती वर्षं?" तिने विचारलं.

"तीन," नर्सबाई म्हणाली. "दुधावर परिणाम नाही. पाळी वेडीवाकडी येऊ शकते, मधूनच थोडं जाईल, कधी येणारच नाही. नको वाटली तर कधीही काढून देते. तांब्याच्या तारेने तुझ्या अंगावरून जास्त जाईल, आणि तुझं रक्त आधीच कमी आहे."

तेवढ्यात चिरंजीवांनी दारातून डोकं आत घातलं. हातात स्क्रूड्रायव्हर. "अगं, टोचाटोची कशाला? गोळी घे की. सोपी."

नर्सबाई म्हणाली, "गोळी आहे. पण दूध पाजणाऱ्या बाईला नेहमीची गोळी आत्ता देत नाही, ही वेगळी देते. हिला वेळ पाळावी लागते. रोज ठरलेल्या वेळी. तीन तासांच्या वर उशीर झाला की भरवसा गेला, मग दोन दिवस दुसरी काळजी घ्यायची."

आणि इथे मी तोंड उघडलं. मी छाती पुढे काढून म्हणाले, "नर्सबाई, वेळेचं आम्हाला नका सांगू. आमच्या नुसत्या दुकानात छत्तीस घड्याळं आहेत."

नर्सबाई हसली, चिरंजीव हसले, मीही हसले. सूनबाईने काडी टेबलावर परत ठेवली. हळूच, आवाज न करता.

झालं. रोज सकाळी आठला गोळी, खोलीतल्या घड्याळात बघून. तीन आठवडे सुरळीत गेले. मग त्या खोलीत वकीलबाईंचं घड्याळ ट्रायलला लागलं. मोठं, लंबकाचं, दर तासाला ठणाणा करणारं.

नवव्या दिवशी वकीलबाई घड्याळ न्यायला आल्या. अकरा वाजले होते. चिरंजीव सुटे भाग आणायला गेले होते, म्हणून मीच वर गेले. पडदे ओढलेले, खोलीत अंधार, छकुली झोपलेली. सूनबाई पलंगाच्या कडेवर बसून पाण्याचा घोट घेत होती. हातात गोळ्यांची पट्टी.

"आत्ता घेतलीस?" मी विचारलं.

"आठ वाजले ना," ती म्हणाली.

मी भिंतीकडे बघितलं. आठ वाजून पाच मिनिटं. मग खिशातलं घड्याळ काढलं. अकरा वाजून पाच मिनिटं. लंबक हलत होता, ऐटीत.

"आज एवढी आळसावलीस की काय?" असं म्हणणार होते. म्हणाले नाही, कारण आठ दिवस तेच म्हणत होते. ती सकाळ म्हणून खोलीबाहेर यायची आणि मी शेजारणीसमोर म्हणायचे, या आमच्या महाराणी, दुपार करून उठतात. ती स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघायची, त्यात तिसरीच वेळ, मग छकुलीची बाटली उकळायला घ्यायची.

"पट्टीवरचा कागद दे," मी म्हणाले. अक्षरं मला रेटून वाचावी लागतात, पण आकडे मी झोपेत वाचते. मधोमध ठळक छापलं होतं, ३.

चिरंजीव आले तसे त्यांना वर बोलावलं.

"हे घड्याळ तीन तास मागे कसं?"

"अगं, त्याच्या ठोक्यांनी छकुली उठते. ती झोपली की मी लंबक धरतो, उठली की सोडतो."

"आणि काटे?"

"ट्रायलमध्ये काट्यांना हात लावत नाहीत," त्याने मलाच माझ्या नवऱ्याचा नियम ऐकवला. "मंगळवारी तर ती सकाळभर झोपली, चांगले साडेतीन तास. मग गुरुवारी थोडं पुढे ढकललं, कारण वकीलबाईंना काय दाखवणार..."

"म्हणजे काट्यांना हात लावलास."

"थोडा."

"लंबक धरून, काटे ढकलून, कसली ट्रायल घेत होतास रे? घड्याळाची की आमची?"

तो सूनबाईकडे वळला. "पण तुलाही कळायला हवं होतं. दुपार झालेली कळत नाही?"

रात्र रात्र जागणारी, पडदे ओढून दिवस काढणारी बाई. ती त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली, "मला वाटलं माझंच डोकं चालेनासं झालंय. फोन बघायचा नव्हता ना, आई."

यात टोमणा नव्हता. असता तर मी परतवला असता. मला माझे चौदाही दात एकदम सैल झाल्यासारखे वाटले.

दुपारीच दवाखाना गाठला. नर्सबाईने सगळं ऐकून घेतलं, एकदा हसू दाबलं, मग गंभीर झाली. "मंगळवारनंतरच्या दोन दिवसांत काळजी घेतली होती?"

सूनबाईने भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. नर्सबाईला उत्तर मिळालं. मलाही, पण मी सासू आहे, मी तक्त्याकडेच बघत राहिले.

"नुसत्या अंगावरच्या दुधावर आहे का बाळ?"

"दुपारी बाटली असते," सूनबाई म्हणाली.

बाटली मी सुरू केली होती. नातीला मांडीवर घेऊन पाजायची हौस माझी. नर्सबाई म्हणाली, "पहिले सहा महिने बाळ दिवसरात्र फक्त आईच्या दुधावर असेल आणि पाळी आलेली नसेल, तर दुधाचाही आधार असतो. बाटली आली की तो आधार धरायचा नाही." तिने लघवीची चाचणी केली. दिवस नाहीत, असं आलं. "पण आज खात्री नाही देत. इतक्या लवकर दिसत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा या. तोवर गोळी चालू ठेव, फोनचा गजर लावून. आणि जोडीला पाकीट. एकदाही सोडायचं नाही. दोघांनी."

घरी येऊन पहिलं काम केलं, सूनबाईचा फोन तिच्या उशाशी ठेवला. म्हणाले, "वाजव हवा तेवढा. गिऱ्हाइकांनी ऐकला तर ऐकला." दुसरं काम, चिरंजीवांना समोर उभं केलं.

"पाकीट आण."

"आई! काय बोलतेस?"

"मराठीत बोलते आहे. कंडोम आण."

"अगं, दूध पाजते आहे ती, काही होत नाही. लहानपणापासून तूच शेजारणींना सांगायचीस."

"सांगायचे. तुझा दादा तेरा महिन्यांचा होता, अंगावर पीत होता, तेव्हा तू झालास. माझ्या त्या उपायाचं जे झालं, त्याला मी रोज जेवायला वाढते."

तो लाल झाला. जाऊन आला, खोकल्याच्या गोळ्या घेऊन. काय तर म्हणे दुकानात ओळखीचे लोक होते. औषधवाल्याचं मनगटावरचं घड्याळ आपल्याकडे येतं, तो काय म्हणेल? मी म्हटलं, तो म्हणेल की घड्याळवाला शहाणा आहे. पण नाही. मग मी त्याची गादी गुंडाळून खाली दुकानात टाकली. जोवर पाकीट नाही, तोवर पलंग नाही.

तीन आठवडे गडी छत्तीस घड्याळांच्या मधोमध झोपला. दर तासाला छत्तीस वेळा वाजायचं, आणि एका वेळी नव्हे, जसं ज्याला जमेल तसं. सकाळी डोळे सुजून वर यायचा. दर तीन दिवसांनी हिय्या करून औषधवाल्याकडे जायचा आणि लिंबाच्या, आल्याच्या, मधाच्या गोळ्या घेऊन यायचा. चौथ्या पाकिटाला औषधवाल्याने त्याला छातीचा फोटो काढायचा सल्ला दिला.

हे सगळं सांगताना मला हसू येतं, पण ते तीन आठवडे हसण्याचे नव्हते. एकदा मी वर गेले तर सूनबाई आरशासमोर उभी राहून कापलेल्या जागेवर हात ठेवून होती. पुढच्या महिन्यात तिला कामावर जायचं होतं. तिच्या टेबलावरची मेणाची भांडी दुसरी कोणी वापरू नये म्हणून तिने त्यांवर आपली खूण केली होती, ती मला दाखवली होती. मला बघून ती म्हणाली, "आई, राहिले असतील तर?"

"नसतील."

"आणि असतील तर? त्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. मी म्हणाले, "तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. तू ठरवशील तसं." आणि खाली आले. जिन्यातली चारही घड्याळं चार वेळा सांगत होती. एकेकाला थोबाडावं असं वाटलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा दवाखाना. या वेळी चिरंजीवांची बाही मी धरून ठेवली होती. व्हरांड्यातलं घड्याळ पुन्हा बंद पडलं होतं, त्यानेच दुरुस्त केलेलं. तो तिकडे वळायला लागला तशी मी बाही ओढली. "राहू दे. ते तुझ्याविना बंद राहील."

खोलीत तिघं बसलो. नर्सबाई चाचणीची पट्टी घेऊन आत गेली. पाच मिनिटं लागतात म्हणाली. मी खिशातलं घड्याळ काढून बघत बसले. पाच मिनिटांत इतके सेकंद असतात हे घड्याळवाल्याची बायको असून मला माहीत नव्हतं. सूनबाईने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. चिरंजीवांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं असावं, कारण त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

नर्सबाई आली. "नाही," म्हणाली. "आता खात्रीने नाही."

सूनबाईने श्वास सोडला तो छकुलीच्या डोक्यावरचे केस उडाले इतका. मी नाक पुसलं. मला सर्दी होती, रडले वगैरे नाही.

नर्सबाईने पुन्हा सगळं टेबलावर मांडायला घेतलं. चिरंजीवांनी तोंड उघडलं, "मला वाटतं, आता फोनचा गजर आहेच, तर गोळीच..."

"मला काडी हवी," सूनबाई म्हणाली.

"अगं पण हातात कायमची..."

"मागच्या वेळी पण हीच हवी होती." तिने आवाज चढवला नाही. "तुम्ही दारातून बोललात, आई छाती पुढे काढून बोलल्या, आणि मी काडी खाली ठेवली. मला अशी वस्तू हवी जिला कोणी धरून ठेवत नाही आणि कोणी पुढे ढकलत नाही. माझ्या दंडात असेल. तिथे घरातल्या कोणाचा हात पोचायचा नाही."

मी म्हणाले, "दे गं बाई तिला काडी. आणि माझ्याकडे बघू नकोस, मी कोणी नाही."

नर्सबाईने दंडाची जागा बधिर केली, आणि चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात काडी बसवून पट्टी बांधली. चिरंजीवांनी बघितलं. सगळं बघितलं, स्टूल घट्ट धरून. मग नर्सबाई त्याच्याकडे वळून म्हणाली, "काडीचं काम पक्कं व्हायला सात दिवस लागतात. हे सात दिवस पाकीट हवंच. ते तुमच्याकडे."

परत येताना औषधवाल्याचं दुकान लागतं. मी थांबले. चिरंजीवही थांबले, कारण बाही अजून माझ्या मुठीत होती. आत सहाजण रांगेत. नंबर आला तसा औषधवाला प्रेमाने म्हणाला, "काय, खोकला अजून आहेच का?"

चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं. मग मागे, दाराशी छकुलीला घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे. तिने दंडावरची पट्टी दुसऱ्या हाताने सावरून धरली होती. तो घसा साफ करायला लागला, आणि मला वाटलं, आलं आठवं पाकीट.

"कंडोम द्या," तो म्हणाला. इतक्या मोठ्याने की काउंटरवरच्या बाटल्या हलल्या.

कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. नाही म्हणायला मागचे एक काठीवाले आजोबा म्हणाले, "जरा लवकर आटपा, मला मलम घ्यायचंय." औषधवाल्याने पाकीट कागदी पिशवीत घालून दिलं आणि विचारलं, "म्हणजे खोकला नव्हताच?"

बाहेर आल्यावर चिरंजीव घामाघूम झाले होते, पण लढाई जिंकून आल्यासारखे. "झालं ना आई?" म्हणाला. "आता गादी वर आणू?"

सूनबाई माझ्याकडे बघत होती. तिच्याच दातांमधून मी त्याला सांगितलं, भर रस्त्यात, दुकानातल्या रांगेला ऐकू जाईल असं:

"गादी आण. पण वर टांगला म्हणजे दुरुस्त झाला, असं आपल्या दुकानात धरत नाहीत. सात दिवस नर्सबाईचे आणि आठवा माझ्या नवऱ्याच्या नियमाचा. आठ दिवस तू ट्रायलला आहेस. तुला कोणी धरून ठेवणार नाही, कोणी पुढे ढकलणार नाही, स्वतःचा स्वतः चालायचं. आठव्या दिवशी मी बघणार नाही, ही बघेल. आणि हिने सांगितलं की मागे पडतोस, तर पुन्हा सतरा पायऱ्या खाली. खोकल्याच्या गोळ्या आहेतच तिथे."